फॉस्फेटेजवर कोणाचा ताबा आहे? पेशीतील संदेशवहन शिकणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन ओळखून पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, फॉस्फेटधारी प्रथिनाचा पट्टा गडद दिसला, की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: कायनेज चालू झाले. कायनेज म्हणजे एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट गट उचलून प्रथिनावर बसवणारे एन्झाइम. पण कायनेज जराही न बदलता तोच पट्टा तितकाच गडद होऊ शकतो. फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम, म्हणजे फॉस्फेटेज, मंदावले तरी पुरते.

पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत फॉस्फेटेज बहुधा उलट दिशेच्या एका बारीक बाणापुरते उरते. त्यामुळे ते सदा एकाच वेगाने चालणारे, कोणाचेही न ऐकणारे एन्झाइम आहे असा समज होतो. प्रत्यक्षात पेशी फॉस्फेटेजवर बारीक नियंत्रण ठेवते आणि त्यासाठी स्वतंत्र एन्झाइम वापरते. संदेश किती काळ टिकेल हे मोठ्या प्रमाणात या नियंत्रक एन्झाइमवर ठरते. तुम्ही एखाद्या संदेशमार्गावर नुकतेच काम सुरू केले असेल, तर हे नियंत्रक कसे शोधायचे आणि त्यांचा परिणाम कसा मोजायचा, ते इथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: आधी वहीत हिशेब करा

समजा, एका प्रथिनावर कायनेज मिनिटाला १ या दराने फॉस्फेट बसवते आणि फॉस्फेटेज मिनिटाला १ याच दराने ते काढते. स्थिर अवस्थेत निम्मे रेणू फॉस्फेटधारी असतील, कारण हा अंश म्हणजे कायनेजचा दर भागिले दोन्ही दरांची बेरीज. आता दोन वेगळे बदल करून बघा. एकदा कायनेजचा दर दुप्पट करा: २ भागिले ३, म्हणजे ६७ टक्के. दुसऱ्यांदा कायनेज तसेच ठेवून फॉस्फेटेजचा दर निम्मा करा: १ भागिले १.५, म्हणजे पुन्हा ६७ टक्के. ब्लॉटवर या दोन स्थितींत फरक दिसणार नाही.

फरक वेळेत आहे. नव्या पातळीकडे जाण्याचा वेग दोन्ही दरांच्या बेरजेवर ठरतो. कायनेज दुप्पट झाले तर निम्मी वाटचाल सुमारे १४ सेकंदांत होते, फॉस्फेटेज निम्मे झाले तर २८ सेकंदांत. संदेश संपून कायनेज पूर्ण बंद पडले, की उतरणीचा वेग एकट्या फॉस्फेटेजवर राहतो. पहिल्या प्रकारात दर ४२ सेकंदांनी पातळी निम्मी होईल, दुसऱ्यात दर ८३ सेकंदांनी. म्हणजे एकाच वेळी घेतलेला नमुना काहीही सांगत नाही. ओळीने घेतलेले नमुने सांगतात. पुढचे सगळे प्रयोग या एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून हे आकडे स्वतः मांडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या हिशेबात दोन्ही एन्झाइम भरपूर मोकळी आहेत असे गृहीत धरले आहे. प्रथिन इतके जास्त असेल की दोन्ही एन्झाइम पूर्ण गुंतलेली असतील, तर चित्र पालटते. आल्बेर गोल्डबेटर आणि डॅनियल कोशलंड यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की अशा स्थितीत दोन दरांच्या गुणोत्तरातला लहानसा बदलही जवळजवळ सगळे प्रथिन एका रूपातून दुसऱ्या रूपात ढकलू शकतो. मग फॉस्फेटेजचा वेग थोडासा कमी करणारे एन्झाइमही बटणासारखे काम करते.

दुसरी पायरी: फॉस्फेटेज नेमके कोणते, ते पूर्ण नावानिशी लिहा

मानवी जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेज आहेत; फॉस्फेटेजची संख्या त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरचे फॉस्फेट काढणारी तर अगदी मोजकी आहेत, आणि प्रथिनांवरचे बहुतेक फॉस्फेट याच दोन ठिकाणी असते. टायरोसीनचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

इतकी थोडी एन्झाइम हजारो जागा सांभाळतात कशी? जोडीदार बदलून. पीपी१ या फॉस्फेटेजचा उत्प्रेरक, म्हणजे प्रत्यक्ष फॉस्फेट कापणारा, घटक दोनशेच्या आसपास वेगवेगळ्या प्रथिनांशी जोडी जमवतो, आणि जोडीदार त्याला कुठे जायचे, कोणावर काम करायचे हे ठरवून देतो. पीपी२ए या दुसऱ्या फॉस्फेटेजमध्ये तीन भाग असतात: आधार देणारा ए, फॉस्फेट कापणारा सी आणि लक्ष्य निवडणारा बी. बी घटकांची चार कुटुंबे आहेत: बी५५, बी५६, पीआर७२ आणि स्ट्रायाटिन. सगळ्या जोड्या धरल्या तर पीपी२ए या एका नावाखाली कितीतरी डझन वेगवेगळी फॉस्फेटेज नांदतात. म्हणून "पीपी२ए ची क्रिया वाढली" हे वाक्य मला अपुरे वाटते. बी५५ असलेल्या रूपाची वाढली की बी५६ असलेल्या? दोघांची लक्ष्ये वेगळी आहेत.

याच गटातले कॅल्सिन्यूरिन, म्हणजेच पीपी२बी, कॅल्शियम आणि त्याला धरणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन आल्यावर जागे होते. पीपीएम कुटुंबाला, ज्यात जुने पीपी२सी येते, मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागते. टायरोसीन फॉस्फेटेजचे घराणे रसायनाच्या दृष्टीने अगदी निराळे आहे: त्यांच्या गाभ्यात एक सिस्टीन असते, आणि तेच त्यांचे बळ आणि तीच त्यांची दुखरी जागा. हे कुळ माहीत असल्याशिवाय पुढच्या पायरीवर कोणता नियंत्रक शोधायचा हे कळत नाही.

तिसरी पायरी: नियंत्रक एन्झाइमचे प्रकार ओळखायला शिका

पहिला प्रकार, आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा: कायनेज थेट फॉस्फेटेजला गाठत नाही, त्याच्या अटकावकर्त्याला तयार करते.

याची कथा ग्लायकोजेनपासून, म्हणजे पेशीतल्या साखरेच्या साठ्यापासून, सुरू होते. १९४० च्या दशकात कार्ल आणि गर्टी कोरी यांना ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या ग्लायकोजेन तोडणाऱ्या एन्झाइमचे सक्रिय रूप निष्क्रिय करणारे एक एन्झाइम सापडले होते. ते काय काढून टाकते याचा त्यांचा अंदाज चुकीचा निघाला. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये फॉस्फेट बसण्याची प्रक्रिया दाखवल्यानंतर उलगडले, की कोरींचे ते एन्झाइम फॉस्फेटेज होते, आज ज्याला आपण पीपी१ म्हणतो ते. म्हणजे या जोडीतले फॉस्फेटेज कायनेजच्या आधीच हाती लागले होते. फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले.

१९७६ मध्ये त्याच ग्लायकोजेनच्या अभ्यासातून इन्हिबिटर-१ हे लहानसे प्रथिन पुढे आले. अॅड्रेनलीन आले, की पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि पीकेए हे कायनेज जागे होते. पीकेए एकीकडे ग्लायकोजेन तोडणाऱ्या साखळीला चालना देते. त्याच वेळी ते इन्हिबिटर-१ च्या थ्रिओनीन-३५ वर फॉस्फेट बसवते आणि तसे झालेले इन्हिबिटर-१ पीपी१ ला रोखून धरते. बसवणारा हात जोरात आणि काढणारा हात बांधलेला. अॅड्रेनलीनचा परिणाम इतका ठाम का असतो, याचे एक कारण इथे आहे.

मेंदूत हेच तत्त्व डीएआरपीपी-३२ वापरते. डोपामीनमुळे पीकेए त्याच्या थ्रिओनीन-३४ वर फॉस्फेट बसवते आणि ते पीपी१ चे अटकावकर्ते बनते. ग्लुटामेटमुळे पेशीत कॅल्शियम शिरले, की कॅल्सिन्यूरिन ते फॉस्फेट काढते आणि पीपी१ पुन्हा मोकळे होते. इथे एका फॉस्फेटेजचे नियंत्रण दुसरे फॉस्फेटेज करते. सीडीके५ हे आणखी एक कायनेज याच रेणूच्या थ्रिओनीन-७५ वर फॉस्फेट बसवते आणि तेव्हा डीएआरपीपी-३२ उलट पीकेएलाच अडवते. एकच प्रथिन, फॉस्फेटच्या जागेनुसार कधी फॉस्फेटेजचे अटकावकर्ते तर कधी कायनेजचे. या कामामागचे पॉल ग्रीनगार्ड २००० च्या नोबेलचे एक मानकरी होते.

पेशीविभाजनातले उदाहरण मला सर्वांत आवडते. पेशी विभाजनात शिरताना सीडीके१ हे कायनेज शेकडो प्रथिनांवर फॉस्फेट बसवते. ते काढण्याचे काम प्रामुख्याने बी५५ असलेले पीपी२ए करते. दोघे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालले, तर पेशी अधांतरी लटकेल. म्हणून सीडीके१ ग्रेटवॉल या कायनेजला चालू करते. ग्रेटवॉल ईएनएसए आणि एआरपीपी-१९ या दोन छोट्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवते आणि ती पीपी२ए-बी५५ ला घट्ट धरून ठेवतात. २०१० मध्ये दोन गटांनी हा दुवा स्वतंत्रपणे दाखवला. यातली खुबी अशी, की फॉस्फेटधारी ईएनएसए हे स्वतःच पीपी२ए-बी५५ चे लक्ष्य आहे, फक्त ते घट्ट चिकटते आणि त्यावरचे फॉस्फेट फार सावकाश कापले जाते. विभाजन संपताना सीडीके१ नाहीसे होते, ग्रेटवॉल बंद पडते, नवे फॉस्फेटधारी ईएनएसए बनायचे थांबते, आणि फॉस्फेटेज उरलेले कापत कापत स्वतःची सुटका करून घेते. सुटकेला लागणारा वेळ या मांडणीतच ठरलेला असतो. पहिल्या पायरीतला काळाचा मुद्दा इथे जिवंत पेशीत दिसतो.

दुसरा प्रकार: मिथिल गट. पीपी२ए च्या सी घटकाचे शेवटचे अमिनो आम्ल ल्युसीन-३०९ आहे. एलसीएमटी-१ हे एन्झाइम त्यावर मिथिल गट चढवते, पीएमई-१ तो उतरवते. बी५५ ला जोडी जमवण्यासाठी हा गट महत्त्वाचा असतो. सगळ्या बी कुटुंबांना त्याची सारखीच गरज नसते. त्यामुळे मिथिल गट कमी झाला म्हणजे सगळे पीपी२ए थंडावले असा अर्थ काढू नका. जोड्यांचे प्रमाण बदलले, लक्ष्यांची निवड बदलली, असे म्हणा. एलसीएमटी-१ ला मिथिल गट एस-अॅडेनोसिल मिथिओनीनकडून मिळतो, म्हणजे पेशीच्या चयापचयाची स्थिती या वाटेने संदेशवहनापर्यंत पोहोचू शकते. अल्झायमरच्या संशोधनात हा विषय वारंवार येतो, कारण टाऊ प्रथिनावरचे फॉस्फेट काढणारे मुख्य फॉस्फेटेज पीपी२ए आहे.

तिसरा प्रकार टायरोसीन फॉस्फेटेजच्या त्या दुखऱ्या सिस्टीनचा. इन्सुलिन किंवा वाढघटक ग्राहकाला चिकटले, की पेशीतले एनएडीपीएच ऑक्सिडेज थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. हे पेरॉक्साइड पीटीपी१बी च्या सिस्टीन-२१५ चे ऑक्सिडीकरण करते आणि फॉस्फेटेज काही काळ निकामी होते. तेवढ्यात इन्सुलिन ग्राहकावरचे फॉस्फेट टिकते आणि संदेश पुढे जातो. नंतर थायोरेडॉक्सिनसारख्या यंत्रणा सिस्टीन पूर्ववत करतात. ऑक्सिडीकरण पुढच्या टप्प्यांवर गेले तर परतीची वाट बंद होते; पण २००३ मध्ये दिसून आले, की पीटीपी१बी मध्ये ऑक्सिडीकरण झालेले सिस्टीन शेजारच्या नायट्रोजनशी एक वळसेदार बंध जुळवते आणि त्या पुढच्या हानीपासून वाचते. इथे नियंत्रक एन्झाइम फॉस्फेटेजला स्पर्शही करत नाही, फक्त एक रेणू सोडते. म्हणून प्रथिन-प्रथिन संबंध शोधणाऱ्या पद्धतींत हा नियंत्रक सापडत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. कॅल्पेन हे प्रथिन कापणारे एन्झाइम कॅल्सिन्यूरिनचा स्वतःलाच रोखणारा भाग छाटते, मग ते कॅल्शियमविना चालू राहते. ईआरके हे कायनेज स्वतःचाच शत्रू असलेल्या एमकेपी-१ या फॉस्फेटेजचे जनुक चालू करवते आणि बनलेल्या प्रथिनावर फॉस्फेट बसवून त्याचे आयुष्यही वाढवते. डीएनएला इजा झाली, की सीएचके१ हे कायनेज सीडीसी२५सी या फॉस्फेटेजच्या सेरीन-२१६ वर फॉस्फेट बसवते, मग १४-३-३ प्रथिने त्याला धरून ठेवतात. युबिक्विटिन, म्हणजे प्रथिन मोडीत काढण्याची खूण, लावणारी एन्झाइमही आहेत. ती फॉस्फेटेजचा साठाच कमी करतात, त्यामुळे परिणाम सावकाश दिसतो.

एक सावधगिरी. कायनेज फॉस्फेटेजला नेहमी मंदच करते असे नाही. पीकेए पीपी२ए च्या बी५६-डेल्टा घटकावर फॉस्फेट बसवते तेव्हा त्या रूपाची क्रिया वाढते.

चौथी पायरी: एका पूर्ण उदाहरणावर हात बसवा

स्वतःच्या मार्गाकडे वळण्याआधी गुळगुळीत स्नायूचे उदाहरण कागदावर काढा. मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट बसले, की स्नायू आकुंचन पावतो. ते बसवणारे कायनेज कॅल्शियमवर चालते, आणि मायोसिन फॉस्फेटेज ते काढते. या फॉस्फेटेजमध्ये पीपी१ आणि त्याला मायोसिनपाशी नेणारे एमवायपीटी१ असते.

कोडे असे होते: कॅल्शियम तेवढेच असताना काही संप्रेरकांमुळे आकुंचन वाढते. कायनेजकडे बघून याचा उलगडा होत नाही. फॉस्फेटेजकडे बघितले की होतो. ग्राहकाकडून आलेला संदेश आरएचओए या प्रथिनामार्गे रॉक या कायनेजला चालू करतो, रॉक एमवायपीटी१ च्या थ्रिओनीन-६९६ आणि ८५३ वर फॉस्फेट बसवते आणि मायोसिन फॉस्फेटेज मंदावते. दुसरीकडे पीकेसी हे कायनेज सीपीआय-१७ च्या थ्रिओनीन-३८ वर फॉस्फेट बसवते; त्यामुळे सीपीआय-१७ ची अटकाव करण्याची ताकद हजारपटीच्या घरात वाढते. उलट बाजूने नायट्रिक ऑक्साइडमुळे जागे झालेले पीकेजी हे कायनेज मायोसिन फॉस्फेटेजचा वेग वाढवते आणि स्नायू सैलावतो. तीन कायनेज, आणि तिन्हींचा निशाणा फॉस्फेटेज.

आता आपल्या मार्गासाठी असेच चित्र काढा. लक्ष्य प्रथिन आणि फॉस्फेटची नेमकी जागा मध्ये, एका बाजूला कायनेज, दुसऱ्या बाजूला फॉस्फेटेज पूर्ण नावानिशी, आणि फॉस्फेटेजच्या वर त्याचा ताबा घेणारे एन्झाइम. जिथे माहिती नाही तिथे जागा रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागेतून प्रयोगाचा विषय निघतो.

पाचवी पायरी: पेशी फोडताना काय हरवते ते जाणून घ्या

नवशिक्यांचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते. पेशी फुटली, की तिच्यातली सगळी शिस्त मोडते: फॉस्फेटेज आपल्या जागेवरून सुटतात, अटकावकर्ते विरळ होतात, आणि फॉस्फेट भराभर गळू लागते. म्हणून सगळे बर्फावर, झटपट, आणि लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, योग्य अटकावद्रव्ये घालून करा. सेरीन-थ्रिओनीन फॉस्फेटेजसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, टायरोसीन फॉस्फेटेजसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट.

व्हॅनेडेट थेट विरघळवून वापरू नका. द्रावणाचा पीएच १० करा. पिवळा रंग येतो तो अनेक व्हॅनेडेट एकमेकांत गुंतल्याचा. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा १० वर आणा, आणि द्रावण बिनरंगी राहून पीएच स्थिर होईपर्यंत हे करत राहा. नंतर लहान भाग करून गोठवा. बफरमध्ये १ मिलिमोलर पुरते. धातू पकडून ठेवणारे ईडीटीए आणि ऑक्सिडीकरण उलटवणारे डीटीटी दोन्ही व्हॅनेडेटचा प्रभाव घालवतात, तेव्हा त्यांना एकाच बफरमध्ये घालताना विचार करा.

तुम्हाला फॉस्फेटेजची क्रिया मोजायची असेल तर मात्र हीच अटकावद्रव्ये घात करतील. अशा वेळी पेशींचे दोन वाटे करा: एक अटकावद्रव्यांसह ब्लॉटसाठी, दुसरा त्यांच्याविना क्रिया मोजण्यासाठी.

मिथिल गट मोजायचा असेल, तर पेशी फोडल्यानंतरही पीएमई-१ काम करत राहू शकते हे लक्षात ठेवा. मग कमी दिसलेला मिथिल गट पेशीतला नसून नळीतला असतो. एबीएल१२७ सारखे पीएमई-१ चे अटकावद्रव्य बफरमध्ये घालून तुलना करा. सिस्टीनचे ऑक्सिडीकरण मोजायचे असेल तर हवेतला ऑक्सिजनही शत्रू ठरतो. बफरमधला ऑक्सिजन काढून टाका आणि पेशी फोडतानाच आयोडोअॅसेटिक आम्लासारख्या द्रव्याने मोकळी सिस्टीन बंद करा. डीटीटी घातले तर पेशीत झालेले ऑक्सिडीकरण पुसले जाईल आणि नियंत्रणाचा पुरावाच नाहीसा होईल.

सहावी पायरी: औषधी अटकावद्रव्यांची मर्यादा ओळखा

ओकाडेइक आम्ल हे समुद्री स्पंजातून प्रथम वेगळे केलेले विष आहे आणि दूषित शिंपल्यांतून होणाऱ्या विषबाधेलाही तेच जबाबदार असते. हातमोजे घालूनच हाताळा. परीक्षानळीत ते १ नॅनोमोलरच्या आसपास पीपी२ए ला थांबवते, पीपी१ ला त्याहून दहापट किंवा अधिक लागते, कॅल्सिन्यूरिनला मायक्रोमोलर, आणि पीपी२सी वर परिणाम होत नाही. हे आकडे पेशीला जसेच्या तसे लावू नका. पेशीत पीपी२ए खूप असते, विष सावकाश आत शिरते, त्यामुळे लागणारी मात्रा आणि वेळ दोन्ही बदलतात. शिवाय त्याच कुटुंबातली पीपी४ आणि पीपी६ ही पीपी२ए इतकीच त्याला बळी पडतात. "ओकाडेइक आम्लाने परिणाम झाला, म्हणून पीपी२ए" हा युक्तिवाद एकट्याने उभा राहत नाही.

मायक्रोसिस्टिन हे फॉस्फेटेज रोखणारे आणखी एक विष यकृतपेशी सोडल्या तर बहुतेक पेशींत शिरतच नाही. सायक्लोस्पोरिन ए आणि एफके५०६ ही औषधे पेशीतल्या सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी या प्रथिनांशी जोडी जमवून मग कॅल्सिन्यूरिनला अडवतात. १९९१ मध्ये हे उघड झाले. परव्हॅनेडेट टायरोसीन फॉस्फेटेज कायमची निकामी करते, म्हणून ते धुऊन टाकल्यावर क्रिया परत येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

सातवी पायरी: कायनेज थांबवा आणि उतरण मोजा

हाच मुख्य प्रयोग. पेशींना संदेश देऊन फॉस्फेटची पातळी वर न्या. मग लक्ष्यावरचे कायनेज त्याच्या नेमक्या अटकावद्रव्याने बंद करा आणि ०, १५ व ३० सेकंद, १, २, ५ आणि १० मिनिटांनी नमुने घ्या. फॉस्फेटधारी पट्ट्याला एकूण प्रथिनाच्या पट्ट्याने भागा आणि लॉग प्रमाणावर आलेख काढा. सरळ रेषा आली तर तिचा उतार म्हणजे पेशीतल्या फॉस्फेटेजचा दर. आता ज्या नियंत्रक एन्झाइमवर संशय आहे ते काढून टाकून, किंवा अडवून, हाच प्रयोग पुन्हा करा. सुरुवातीची पातळी बदलली पण उतार तोच राहिला, तर तुमचा नियंत्रक कायनेजच्या बाजूने काम करतो. उतार बदलला, तर तो फॉस्फेटेजच्या बाजूने काम करतो.

इथे एक सापळा आहे. स्टॉरोस्पोरिनसारखे सर्वच कायनेजना गाठणारे द्रव्य वापरले, तर फॉस्फेटेजला रोखून धरणारे रॉक किंवा ग्रेटवॉलही त्याच फटक्यात बंद पडते. मग उतरण कृत्रिमरीत्या वेगवान दिसते आणि ज्या नियंत्रकाच्या शोधात होता तोच तुम्ही स्वतः मिटवलेला असतो. शक्य तितके निवडक द्रव्य घ्या आणि फॉस्फेटेजवरचे किंवा त्याच्या अटकावकर्त्यावरचे फॉस्फेट, उदाहरणार्थ एमवायपीटी१ चे थ्रिओनीन-८५३, त्याच नमुन्यांत तपासा. आलेखात सुरुवातीला सपाट भाग असेल, तर तो द्रव्य पेशीत शिरायला लागलेला वेळ असू शकतो. त्याला फॉस्फेटेजचा उशीर समजू नका.

यानंतर उत्परिवर्तन. इन्हिबिटर-१ मध्ये थ्रिओनीन-३५ च्या जागी अॅलानीन, किंवा ईएनएसए मध्ये सेरीन-६७ च्या जागी अॅलानीन घाला: नियंत्रक कायनेज असूनही फॉस्फेटेज मोकळे राहायला हवे. फॉस्फेटची नक्कल म्हणून अॅस्पार्टिक आम्ल घालण्याची पद्धत आहे, पण त्याचा विद्युतभार आणि आकार फॉस्फेटइतका नसतो. काही प्रथिनांत नक्कल जमते, काहींत नाही. नक्कल फसली म्हणून नियंत्रणच नाही असे लिहू नका.

आठवी पायरी: क्रिया थेट मोजा, पण काय मोजता ते माहीत असू द्या

पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हे स्वस्त आणि सोपे. फॉस्फेट सुटले की पिवळा रंग येतो आणि तो ४०५ नॅनोमीटरवर मोजता येतो. मात्र जवळजवळ कोणतेही फॉस्फेटेज ते कापते, म्हणून शुद्ध एन्झाइमसाठी ठीक, कच्च्या अर्कासाठी नाही. अर्कातून हवे ते फॉस्फेटेज प्रतिपिंडाने ओढून घ्या आणि त्याला फॉस्फेटधारी पेप्टाइड द्या. सुटलेले फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीनने मोजतात. त्यासाठी पीबीएस बफर कधीच वापरू नका. त्यातल्याच फॉस्फेटने सगळी नळी हिरवी होते. बी घटकाला धरून ओढले तर त्या एका जोडीची क्रिया कळते, सी घटकाला धरून ओढले तर सगळ्या जोड्यांची गोळाबेरीज.

पीपीएम कुटुंबाच्या मापनात ईडीटीए नको, कारण त्यांचे धातू निघून जातात. टायरोसीन फॉस्फेटेजना डीटीटी लागते, आणि तेव्हा तुम्ही एकूण क्षमता मोजत असता, पेशीतली त्या क्षणाची क्रिया नव्हे.

प्रतिपिंडांबाबत विशेष जागरूक राहा. पीपी२ए च्या टायरोसीन-३०७ वर फॉस्फेट म्हणजे निष्क्रिय पीपी२ए, असे धरून बराच काळ लिहिले गेले. पुढे त्या जागेसाठी विकली जाणारी प्रतिपिंडे तपासली गेली, तेव्हा ती फॉस्फेट असो वा नसो चिकटत असल्याचे आणि शेजारच्या मिथिल गटानेही त्यांचे चिकटणे बदलत असल्याचे दिसले. या एका जागेवर उभा असलेला जुना निष्कर्ष वाचताना दुसरा पुरावा शोधा. पीपी४ च्या शेपटीचा शेवटही पीपी२ए सारखाच असल्याने त्या टोकावर बनवलेली काही प्रतिपिंडे दोघांनाही ओळखतात.

फॉस्फेट ओळखणारे कोणतेही प्रतिपिंड पहिल्यांदा वापरताना नमुन्याचा एक भाग लॅम्डा फॉस्फेटेजने धुऊन घ्या. पट्टा गेला पाहिजे. या फॉस्फेटेजला मँगनीज लागते, आणि नमुन्यात फ्लोराइड किंवा व्हॅनेडेट शिल्लक असेल तर ते चालणार नाही. पट्टा तसाच राहील आणि तुम्ही चांगल्या प्रतिपिंडाला नाहक बाद कराल.

नववी पायरी: निष्कर्ष लिहिताना आणि इतरांचे वाचताना

नियंत्रक एन्झाइम फॉस्फेटेजवर काम करते असे म्हणायला किमान तीन गोष्टी हाताशी असाव्यात: ते एन्झाइम काढल्यावर उतरणीचा वेग बदलतो, फॉस्फेटेजवर किंवा त्याच्या अटकावकर्त्यावर नेमक्या जागी रासायनिक बदल दिसतो, आणि ती जागा बदलली की परिणाम नाहीसा होतो. यातली एखादी गोष्ट नसेल तर तसे स्पष्ट लिहा. कमी पुराव्यावरचे सावध वाक्य पुढच्या संशोधकाच्या अधिक कामी येते.

दुसऱ्याचा शोधनिबंध वाचताना आकृत्यांकडे याच क्रमाने पाहा. वेळेचे किती बिंदू आहेत? एकूण प्रथिनाचा पट्टा शेजारी दिला आहे का? फॉस्फेटेजचा बी घटक सांगितला आहे का? अटकावद्रव्याची मात्रा पेशीत मोजली की नळीतल्या आकड्यावरून उचलली? सरावासाठी सुरुवात रॉक आणि एमवायपीटी१ पासून करा: रॉकची निवडक अटकावद्रव्ये सहज मिळतात, दोन्ही जागांची प्रतिपिंडे उपलब्ध आहेत, परिणाम मिनिटांत दिसतो, आणि आकुंचनाच्या रूपाने डोळ्यांनीही पडताळता येतो.